फक्त पंप आणि सोलेनॉईडच्याच ओळी का मोडत होत्या? जुन्या जपानी ऑर्डर-प्रणालीतल्या डबल-बाइट बिघाडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओसाका परिसरातली एक मध्यम आकाराची कंपनी हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग विकते: पंप, व्हॉल्व्ह, सील, होज. कंपनीची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत. बिघाड आणि त्यातले बाइट मात्र जसे होते तसेच दिले आहेत.

कंपनीची ऑर्डर-प्रणाली १९९० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेली. पडद्यावरचा भाग व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, रात्री चालणारे प्रोग्रॅम व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ मध्ये आणि डेटा ओरॅकल डेटाबेसमध्ये. बरीच वर्षं तिची देखभाल आमची पुण्यातली टीम करते आहे. पुण्यात जपानी शिकलेली आणि जपानी क्लायंटचं काम करणारी माणसं भरपूर असल्यामुळे अशी जुनी सॉफ्टवेअर इथे बरीच येतात. नवीन कोणी सहसा हात लावत नाही, पण धंदा त्यांच्यावर चालतो.

या प्रकरणात महत्त्वाचं आहे ते रात्रीचं काम. जपानमध्ये पहाटे दोन वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला, दिवसभराच्या ऑर्डरी गोदामाकडे जातात. पहिल्या पायरीत ओरॅकलमधून एक मजकूर-फाइल निघते. तिच्यात प्रत्येक ओळीवर बारा रकाने असतात आणि रकान्यांच्या मध्ये उभी रेघ, म्हणजे पाइपचं चिन्ह. दुसऱ्या पायरीत फॉरमॅटर नावाचा सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, रकाने तपासतो, लांब नावं चाळीस बाइटांवर कापतो आणि गोदामासाठी नवी फाइल लिहितो. गोदाम वेगळी कंपनी चालवते आणि तिचं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे. आठवड्यातून एकदा सगळ्या मालाची नावं असलेली मास्टर फाइलही याच वाटेने जाते.

सगळा मजकूर शिफ्ट-जिसमध्ये, म्हणजे जपानी अक्षरं बाइटांत साठवण्याच्या एका जुन्या पद्धतीत, नेमकं सांगायचं तर तिच्या विंडोजवरच्या ९३२ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये (कोड पेज म्हणजे कोणत्या बाइटांचं कोणतं अक्षर हे सांगणारं कोष्टक). पुढचं सगळं याच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे ती आधी सांगतो.

शिफ्ट-जिसमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे एका बाइटचे, कांजी (चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं) आणि पूर्ण रुंदीचे काताकाना (परकीय शब्द लिहायची ध्वनिअक्षरं) दोन बाइटांचे. काताकानाचं अर्ध्या रुंदीचं अरुंद रूपही आहे, ते एका बाइटचं. जोडीतला पहिला बाइट हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत) ८१ ते ९एफ किंवा ई० ते एफसी या पट्ट्यात असतो. तो दिसला की पुढचा बाइट त्याच्याच जोडीचा समजायचा. अडचण दुसऱ्या बाइटात आहे. तो ४० ते ७ई किंवा ८० ते एफसी यांपैकी काहीही असू शकतो, आणि ४० ते ७ई या पट्ट्यात साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंही बसतात. उलट्या तिरक्या रेघेचा, म्हणजे बॅकस्लॅशचा कोड ५सी याच पट्ट्यात. जपानी पडद्यावर तो येनच्या चिन्हासारखा दिसतो. पाइपचा कोड ७सीही तिथेच. काताकानातलं 'सो' म्हणजे ८३ ५सी आणि 'पो' म्हणजे ८३ ७सी.

सोलेनॉईडचं (विजेने व्हॉल्व्ह उघडबंद करणारी गुंडाळी) जपानी रूप 'सो'ने सुरू होतं, पंपाचं 'पो'ने. हायड्रॉलिक माल विकणाऱ्या कंपनीच्या यादीत याहून जास्त वेळा येणारे शब्द सापडणं कठीण.

काय बिघडलं

जुना सर्व्हर कंपनीच्याच इमारतीत होता. एप्रिलअखेरीस सुरू होणाऱ्या जपानमधल्या मोठ्या सुट्टीत, गोल्डन वीकमध्ये, तो क्लाउडवरच्या नव्या विंडोज सर्व्हरवर हलवला गेला. हे काम तिसऱ्याच कंत्राटदाराकडे होतं. चाचणी झाली, सह्या झाल्या आणि सुट्टी संपल्यावर कामकाज सुरू झालं.

पहिली तक्रार गोदामातून आली. माल काढायच्या यादीत पंपच येत नाहीत. ऑर्डर पडद्यावर दिसते, ग्राहकाला पोचपावती गेलेली असते, पण गोदामापर्यंत ओळ पोचत नाही. व्हॉल्व्ह, सील आणि होज व्यवस्थित जात होते.

विक्री विभागातल्या कोणीतरी पंपाचं नाव अर्ध्या रुंदीच्या काताकानात टाइप करून पाहिलं, आणि ती ओळ गेली. युक्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचली आणि काही दिवसांत मास्टरमधली बरीच नावं अशी बदलली गेली. अडलेला माल हलवायला माणसं जे सुचेल ते करतात, त्यात त्यांची चूक नव्हती. पण आता एकाच मालाची दोन नावं झाली. पूर्ण रुंदीत शोधलं तर अर्ध्या रुंदीतलं सापडत नाही आणि उलटंही.

दुसरी तक्रार आठवड्याची मास्टर फाइल गेल्यावर आली. गोदामाच्या लेबलांवर सोलेनॉईड व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात विचित्र दिसू लागली. बारीक 'या', त्यानंतर 'गेकी' असा उच्चार असलेली कांजी, मग लॅटिन 'एम', आणि पुढचं 'इदो' जिथल्या तिथे. गोदामाला वाटलं प्रिंटर बिघडला. प्रिंटरवाल्याला बोलावलंही.

तिसरी तक्रार सगळ्यात चमत्कारिक होती. मोजक्याच ओळी गोदामाच्या बाजूने नाकारल्या जात होत्या, आणि त्यांत नावाच्या शेवटी भय या अर्थाची कांजी येत होती. सुट्या भागांच्या यादीत तिचं काय काम?

तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या विभागांकडून, तीन वेगवेगळ्या दिवशी आणि तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदल्या गेल्या: 'ऑर्डर गहाळ', 'प्रिंटर दोष' आणि 'डेटा एंट्रीची चूक'. आमच्याकडे सुरुवातीला फक्त पहिलीच आली.

निदान

क्लायंटच्या आयटी विभागाचं पहिलं मत होतं की सर्व्हर हलवताना डेटाबेसच बिघडला. तसं वाटण्याला कारण होतं. नव्या सर्व्हरवर नोटपॅडमध्ये फाइल उघडली की सगळाच मजकूर अगम्य दिसायचा. जपानीत याला मोजिबाके म्हणतात. ज्यांनी श्रीलिपीतली जुनी फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. मात्र तिथे योग्य फॉन्ट घातला की मजकूर परत मिळतो. इथे बाइट शाबूत आहेत की हरवलेत, हे डोळ्यांनी ठरवताच येत नव्हतं, कारण चांगल्या आणि मोडलेल्या ओळी सारख्याच अगम्य दिसत होत्या.

डेटा दुरुस्त करायची घाई झाली असती तर इथेच मोठं नुकसान झालं असतं. क्लायंटकडून बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करण्याचा प्रस्ताव आला होता. आमच्या टीम लीडने एकच मागणी केली: फाइल जशी आहे तशी, ईमेलच्या मजकुरात न चिकटवता, झिप करून पाठवा आणि तोवर डेटाला कोणी हात लावू नका. चिकटवलेला मजकूर वाटेत दोन-तीनदा रूपांतरित होतो आणि मग पुरावाच उरत नाही.

फाइल आली. हेक्स डंप, म्हणजे फाइलमधल्या बाइटांची हेक्समधली यादी, काढण्याआधी टीममधल्या एका नव्या मुलीने ती त्या अगम्य रूपातच नीट वाचली. पाश्चात्य कोड पेजमध्ये ८३ हा बाइट हुकासारखी शेपटी असलेल्या लॅटिन 'एफ'च्या रूपात दिसतो, त्यामुळे काताकाना मजकूर म्हणजे शेपटीच्या एफची रांगच. ती म्हणाली, "मॅडम, बाकी सगळीकडे एफच्या मागे काहीतरी अक्षर किंवा अवतरणचिन्ह आहे. पंपाच्या ओळीत एफच्या मागे पाइप आहे."

तिथून पुढचं सरळ होतं. ओरॅकलमधून निघालेल्या फाइलचा डंप पाहिला. पंप: ८३ ७सी ८३ ९३ ८३ ७६. अगदी बरोबर, एकही बाइट कमी-जास्त नाही. म्हणजे डेटाबेस आणि पहिली पायरी दोन्ही निर्दोष. फॉरमॅटरने मात्र 'पो'च्या दुसऱ्या बाइटाला रकान्याची रेघ समजून ओळ तिथे तोडली होती. बाराऐवजी तेरा रकाने झाले आणि ओळ नाकारलेल्यांच्या फाइलमध्ये गेली. फॉरमॅटरने लॉगमध्ये तशी नोंद केली होती. पण शेवटी परतीचा कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक' असाच दिला. त्यामुळे देखरेखीच्या पडद्यावर रोज हिरवा दिवा.

सोलेनॉईडची ओळ हाताने सोडवली. मूळ बाइट: ८३ ५सी ८३ ८सी ८३ ६डी ८३ ४३ ८३ ६८. फॉरमॅटर बॅकस्लॅशला 'पुढचं चिन्ह जसंच्या तसं घ्या' अशी खूण मानतो आणि ती खूण स्वतः गाळतो. ५सी गेला की उरतं ८३ ८३, ८सी ८३, ६डी, ८३ ४३, ८३ ६८. आता जोड्या पाडा: ८३ ८३ म्हणजे बारीक 'या', ८सी ८३ म्हणजे 'गेकी'ची कांजी, ६डी एकटा म्हणजे लॅटिन 'एम', आणि तिथून जोड्या परत रुळावर: 'इ', 'दो'. लेबलावर हेच छापलं जात होतं. प्रिंटर निर्दोष होता.

एक बाइट हरवला तरी काही अक्षरांनी गाडी आपोआप रुळावर आली, पुढचे रकाने शाबूत राहिले आणि रकान्यांची संख्याही बाराच भरली. म्हणून ही चूक कुठल्याही तपासणीत अडकली नाही. ओळ नाकारली गेली असती तर निदान कोणाच्या तरी नजरेस पडली असती. पत्त्यांतही हाच प्रकार सापडला. ओसाकातल्या जूसो भागाचं नाव दहा आणि तीन या कांजींनी लिहितात आणि दहाची कांजी आहे ८एफ ५सी. त्या भागातल्या ग्राहकांचे पत्ते एक परकी कांजी आणि तिच्यामागे लॅटिन 'ओ' अशा रूपात गोदामात पोचले होते.

भयाची कांजी आली ती नाव कापण्यातून. सुटा भाग याला जपानी शब्द 'बुहिन'. त्यातल्या 'हिन'चे बाइट ९५ ६९. चाळीस बाइटांची मर्यादा नेमकी या दोघांच्या मध्ये आली की ९५ एकटा उरतो आणि त्याच्या मागे लागतो रकान्याचा पाइप, ७सी. गोदामाचं सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे जोडी पाडतं: ९५ ७सी, म्हणजे भयाची कांजी. रकान्याची रेघ गिळली गेल्यामुळे रकाने अकराच उरतात आणि ओळ नाकारली जाते. नाव पूर्णपणे दोन बाइटांच्या अक्षरांत असेल तर चाळीस हा सम आकडा कधीच जोडी फोडत नाही. नावात विषम संख्येने इंग्रजी अक्षरं किंवा आकडे असले, जसे मॉडेल क्रमांकात असतात, तरच हे घडतं. म्हणून अशा ओळी मोजक्याच होत्या.

आता खरा प्रश्न. फॉरमॅटरमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. वीस वर्षं चाललेला प्रोग्रॅम आताच का चुकला?

मूळ जपानी प्रोग्रॅमरांनी काम नीट केलं होतं. साधी बाइट-बाइट शोधणारी फंक्शनं न वापरता त्यांनी जोड्या ओळखणारी एमबीएस कुळातली फंक्शनं वापरली होती. पण जोडी कशाला म्हणायचं हे ही फंक्शनं कोड पेजवरून ठरवतात, आणि प्रोग्रॅमने वेगळं सांगितलं नाही तर ते कोड पेज सुरू होतानाच विंडोजच्या सिस्टिम लोकेलवरून, म्हणजे युनिकोड (सगळ्या भाषांची एकच अक्षरसूची) न वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी निवडलेल्या भाषेवरून, घेतलं जातं. जुना सर्व्हर जपानी विंडोजचा, म्हणून ९३२ आपोआप मिळायचं. नवा सर्व्हर इंग्रजी इमेजवरून उभा केलेला. तिथे मिळालं १२५२, म्हणजे पाश्चात्य भाषांचं कोड पेज. त्यात जोडी ही गोष्टच नाही, त्यामुळे तीच फंक्शनं साध्या बाइट-शोधासारखी वागू लागली.

नव्या सर्व्हरवर तारखा जपानी पद्धतीने दिसत होत्या आणि मेनूही जपानीत होते. कंत्राटदाराने ते सेट केलं होतं, आणि त्यावरून सगळ्यांची खात्री होती की सर्व्हर 'जपानी' आहे. पण तारखेचं रूप, मेनूची भाषा आणि युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा या विंडोजमध्ये तीन वेगळ्या सेटिंग आहेत. काळ्या कमांड-खिडकीत तिथलं कोड पेज दाखवणारी सीएचसीपी ही कमांड दिली तर उत्तर आलं ४३७, म्हणजे इंग्रजी विंडोजच्या त्या खिडकीचं कोड पेज. जपानी सर्व्हरवर ते ९३२ येतं.

पहिला निर्णय: रात्रीचं काम थांबवायचं का?

कारण कळलं, पण उपाय लागू व्हायला वेळ होता. काम पूर्ण थांबवलं तर गोदाम बसून राहणार. चालू ठेवलं तर चुकीची नावं आणि पत्ते जात राहणार.

दोन्ही फाइलींना वेगळी वागणूक द्यायचं ठरलं. मास्टर फाइल तात्काळ बंद, कारण ती गोदामातल्या चांगल्या नावांवर चुकीची नावं लिहीत होती आणि प्रत्येक आठवड्याने नुकसान वाढत होतं. ऑर्डरींची फाइल चालू ठेवायची. नाकारलेल्या ओळी सकाळी ओसाकातून हाताने भरायच्या आणि ज्या पत्त्यांत ५सी असलेली अक्षरं आहेत त्यांची यादी आमच्याकडून रोज पाठवायची. गोदामाने या यादीतल्या पेट्या बाजूला ठेवून फोनवर पत्ता पडताळायचा. मेहनतीचं काम होतं. आमची जपानी जाणणारी ब्रिज इंजिनिअर (क्लायंट आणि टीममधला दुवा) त्या काळात पुण्याच्या घड्याळावर नव्हतीच. पण माल हलत राहिला आणि नवीन चुकीचा डेटा तयार होणं थांबलं.

दुसरा निर्णय: उपाय कोणता?

सर्व्हरचं सिस्टिम लोकेल जपानी करून रीस्टार्ट करणं हा सगळ्यात सोपा उपाय वाटत होता. क्लायंटला तोच हवा होता. पण हे सेटिंग संपूर्ण मशिनला लागू होतं आणि त्या सर्व्हरवर आणखी एक जुना प्रोग्रॅम होता, जर्मन पुरवठादाराचा कॅटलॉग आयात करणारा. तो १२५२ धरून लिहिलेला. त्या कोड पेजमध्ये वर दोन टिंबं असलेल्या जर्मन 'यू'चा बाइट आहे एफसी, आणि ९३२ मध्ये एफसी जोडीचा पहिला बाइट ठरतो. म्हणजे लोकेल बदललं असतं तर जर्मन 'यू' पुढचं अक्षर गिळू लागला असता. आमचा बिघाड आम्ही शेजारच्या प्रोग्रॅमच्या दारात नेऊन ठेवला असता. लोकेल बदलायच्या त्याच खिडकीत जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) वापरा असा चौकोन असतो. एकाने तो टिक करायचंही सुचवलं. पण तो टिक केला तरी जुन्या प्रोग्रॅमला शिफ्ट-जिसच्या जोड्या कळत नाहीत, म्हणून आम्ही नकार दिला.

पाइप बदलून टॅब किंवा स्वल्पविराम वापरावा हा दुसरा पर्याय. तांत्रिकदृष्ट्या मला तो आवडतो. शिफ्ट-जिसचा दुसरा बाइट ४० च्या खाली कधीच जात नाही, टॅब ०९ आणि स्वल्पविराम २सी आहे, त्यामुळे कोणत्याही अक्षराच्या पोटात ते सापडणार नाहीत. पण बॅकस्लॅशचा प्रश्न तसाच उरला असता, नाव कापतानाची चूकही, आणि गोदामाच्या कंपनीला आपलं सॉफ्टवेअर बदलावं लागलं असतं.

सगळं यूटीएफ-८ मध्ये न्यावं, हा आयटी विभागप्रमुखांचा आग्रह. दूरचा विचार केला तर बरोबर. पण ओरॅकलमधले रकाने बाइटांत मोजलेले होते. चाळीस बाइटांत शिफ्ट-जिसच्या वीस कांजी बसतात. त्याच वीस कांजींना यूटीएफ-८ मध्ये साठ बाइट लागतात. अर्ध्या रुंदीचा काताकाना तर एका बाइटावरून तीनवर जातो. प्रत्येक टेबल, प्रत्येक पडदा आणि प्रत्येक फाइल तपासावी लागली असती. शिवाय गोदामातले लेबल-प्रिंटर शिफ्ट-जिसच समजतात. हे मोठं काम आहे आणि ते घाईत, बिघाडाच्या दबावाखाली सुरू करू नये, असं आम्ही लेखी कळवलं.

उरला फॉरमॅटरमध्येच कोड पेज ठामपणे ९३२ ठरवण्याचा पर्याय. कोडमध्ये ही एका ओळीची भर आहे: प्रोग्रॅम सुरू होताच सेटएमबीसीपी फंक्शनला ९३२ द्यायचं. धोका कोडमध्ये नव्हता. आमच्या भांडारातला सोर्स (मूळ कोड) आणि प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष कामात) चालणारा प्रोग्रॅम एकच आहेत याची खात्री कोणालाच नव्हती. प्रॉडक्शनवरच्या फाइलची तारीख सोर्सच्या शेवटच्या बदलानंतरची होती.

म्हणून दोन टप्पे ठरले. तात्पुरता उपाय: जपानी लोकेल असलेला छोटा वेगळा सर्व्हर उभा करून फक्त फॉरमॅटर तिथे हलवायचा. कायमचा उपाय: कोडमध्ये बदल, पण आधी सोर्सची खातरजमा.

काय केलं

वेगळ्या सर्व्हरचं काम लवकर झालं आणि त्याच रात्री पंपाच्या ओळी गोदामात पोचल्या.

सोर्सच्या खातरजमेसाठी जुन्या कंपायलरचं एक व्हर्च्युअल मशिन आमच्याकडे जपून ठेवलेलं होतं. त्यावर सोर्स काहीही न बदलता बिल्ड केला आणि जुन्या चांगल्या काळातल्या रात्रींच्या फाइली मूळ प्रोग्रॅममधून आणि नव्या बिल्डमधून, दोन्ही जपानी लोकेलवर, चालवून निकाल बाइट-बाइट ताडून पाहिला. फरक निघाला नाही. तेव्हाच ती एक ओळ घातली. नाकारलेली एकही ओळ असली तर परतीचा कोड शून्य नसेल, हा बदलही सोबत केला. मग इंग्रजी लोकेलवर तीच तुलना परत. त्यातही फरक नाही.

सगळ्यात नाजूक काम होतं गोदामातली बिघडलेली नावं दुरुस्त करणं. पहिला विचार असा आला की हरवलेला ५सी नियमाने परत घालावा. मोडक्या नावावरून मूळ नाव बहुतेकदा ओळखता येतं. पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नाही, आणि दरम्यान गोदामातल्या काही लोकांनी लेबलं वाचता यावीत म्हणून नावं हाताने सुधारली होती. नियम चालवला असता तर त्या सुधारलेल्या नावांतही बाइट घुसले असते. मालाचा कोड मात्र फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा असल्यामुळे दोन्हीकडे शाबूत होता. म्हणून अंदाजाने दुरुस्ती टाळली आणि कोडला कोड लावून ओसाकातून नावं नव्याने पाठवायचं ठरवलं. गोदामाने हाताने बदललेली नावं आधी वेगळी काढली आणि त्यांवर गोदामाच्या प्रमुखांनी एकेक करून निर्णय दिला.

नव्याने पाठवण्याची रंगीत तालीम गोदामाच्या चाचणी-प्रणालीवर केली, आणि ती केली म्हणून एक नवाच बिघाड वेळीच हाती लागला. दाबाचे पट्टे, म्हणजे ७ ते १४ मेगापास्कल अशा नोंदी, लाटेसारख्या रेघेने लिहिलेल्या असतात. ती रेघ प्रश्नचिन्ह होऊन येत होती. ग्राहकांच्या नावातलं कंसातल्या 'काबु'चं (कंपनी या अर्थाचं लघुरूप) एका अक्षराचं चिन्हही जात होतं. गोदामाचं नेहमीचं सॉफ्टवेअर फाइल 'विंडोज-३१जे' म्हणून वाचतं, जे जावातलं ९३२ चं नाव आहे. नव्याने पाठवलेल्या नावांसाठी त्यांनी लिहिलेल्या छोट्या साधनात वाचताना 'शिफ्ट-जिस' आणि लिहिताना 'विंडोज-३१जे' असं नाव दिलेलं होतं. जावामध्ये ही दोन वेगळी कोष्टकं आहेत. ८१ ६० ही लाटेची रेघ एक युनिकोडच्या ३०१सी वर नेतं, दुसरं एफएफ५ई वर. एकातून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर पडायचं म्हटलं की रेघेला जागाच उरत नाही. 'काबु'चं चिन्ह तर पहिल्या कोष्टकात नाहीच. वाचतानाचं नाव बदललं आणि दोन्ही प्रश्न मिटले.

निकाल

मास्टर फाइल पुन्हा सुरू झाली. लेबलं वाचता येऊ लागली आणि जूसोतल्या ग्राहकांच्या पेट्या फोन न करता जाऊ लागल्या. तात्पुरता सर्व्हर काही आठवडे सोबतीला ठेवून मग बंद केला. जर्मन कॅटलॉगला धक्का लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्व्हर हलवण्याच्या यादीत प्रोग्रॅम, डेटाबेस, पासवर्ड, वेळापत्रक सगळं होतं. ओरॅकलची एनएलएस-लँग ही भाषेची सेटिंगही आठवणीने उतरवलेली होती, आणि म्हणूनच पहिली पायरी निर्दोष राहिली. सिस्टिम लोकेल यादीत नव्हतं, कारण जुन्या सर्व्हरवर ते कोणी कधी बदललेलंच नव्हतं. आपोआप मिळणाऱ्या गोष्टीची नोंद कोणी करत नाही. आता आमच्या यादीची पहिली ओळ आहे जुन्या आणि नव्या मशिनवर सीएचसीपी चालवून उत्तर लिहून ठेवणं.

चाचणी जपानी मजकुरानेच झाली होती, पण त्यासाठी वापरलेला शब्द होता काताकानातला 'तेसुतो', म्हणजे टेस्ट. त्याचे बाइट ८३ ६५ ८३ ५८ ८३ ६७. ना ५सी, ना ७सी. जपानी सॉफ्टवेअरच्या चाचणीत हाच शब्द सगळीकडे टाइप केला जातो आणि या प्रकारच्या बिघाडात तो कायम पास होतो. आम्ही आता चाचणीसाठी एक ठरलेली यादी ठेवतो: सोलेनॉईड, पंप, तक्ता या अर्थाची 'ह्यो' ही कांजी, जूसोचा पत्ता, लाटेची रेघ, 'काबु'चं चिन्ह, आणि चाळीस बाइटांच्या सीमेवर जोडी फोडणारं एक मुद्दाम बनवलेलं नाव.

तिन्ही तक्रारी पहिल्याच दिवशी एका टेबलावर आल्या असत्या तर निदान खूप लवकर झालं असतं. एकटं 'पंप जात नाही' पाहून कोड पेज सुचत नाही. 'पंप जात नाही, सोलेनॉईड चुकीचं छापलं जातं आणि शेवटी भयाची कांजी येते' हे एकत्र वाचलं तर शिफ्ट-जिसवर काम केलेल्या कोणालाही लगेच सुचेल. गोदामाच्या कंपनीशी थेट बोलायची परवानगी आम्हाला उशिरा मिळाली. करारात ती सुरुवातीपासून असायला हवी होती.

अर्ध्या रुंदीतली नावं मात्र अजून मास्टरमध्ये आहेत. ती यंत्राने सरसकट बदलायला विक्री विभागाचा विरोध आहे, कारण काही ग्राहकांच्या बँक-व्यवहारांत अर्ध्या रुंदीचे काताकाना खरोखरच लागतात आणि ते त्याच रकान्यात भरलेले आहेत. सध्या अशी नावं शोधून दर महिन्याला यादी पाठवली जाते आणि विक्री विभाग ती तपासून बदलतो. यूटीएफ-८ चं काम लेबल-प्रिंटर बदलण्याच्या अंदाजपत्रकाला जोडलेलं आहे. त्याची पहिली पायरी म्हणून ओरॅकलमधल्या कोणत्या रकान्यांत मजकूर दीडपट ते तिप्पट झाल्यावर मावणार नाही, याची मोजणी सुरू झाली आहे.